ब्रायन विल्सन: गायक, संगीतकार आणि स्टुडिओतला कारागीर

११ जून २०२५ रोजी ब्रायन विल्सन वयाच्या ८२ व्या वर्षी गेले. त्यानंतर माझ्या वाचनात आलेल्या लेखांत दोन गोष्टींवर भर होता: 'द बीच बॉइज' या गटाची समुद्र, ऊन आणि मोटारी यांवरची गाणी, आणि विल्सन यांचा मानसिक आजार. या दोहोंच्या मध्ये ज्या माणसाने १९६३ ते १९६६ या काळात अमेरिकेतले लोकप्रिय गाणे ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत बदलून टाकली, त्याच्या वाट्याला एखाददुसरे वाक्य येते आणि 'वेडा प्रतिभावंत' असा शिक्का मारून लेख संपतो. मला हा शिक्का अन्यायकारक वाटतो. त्यांच्या ध्वनिमुद्रण-सत्रांच्या मूळ फिती आता ऐकायला मिळतात, आणि त्यांत ऐकू येणारा तरुण एकाग्र, नेमका आणि वादकांशी अदबीने बोलणारा कारागीर आहे. हा धागा त्या कारागिराविषयी आहे.

त्यांचा जन्म २० जून १९४२ चा, कॅलिफोर्नियातल्या इंगलवुडचा. बालपण शेजारच्या हॉथॉर्नमध्ये गेले. वडील मरी विल्सन यंत्रसामग्रीचा छोटा व्यवसाय करत, हौसेने गाणी रचत आणि मुलांना मारहाण करत. ब्रायन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. ते जन्मापासून की वडिलांच्या मारामुळे, याबद्दल घरातल्यांच्याच सांगण्यात फरक आहे. शाळकरी वयात 'द फोर फ्रेशमेन' या चौकडीच्या तबकड्या लावून ते पियानोवर बसत, चारही आवाजांच्या ओळी कानाने वेगळ्या काढत आणि घरातल्यांना एकेक ओळ शिकवून सगळ्यांकडून एकत्र गाऊन घेत. धाकटे भाऊ डेनिस आणि कार्ल, आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांचा गट १९६१ मध्ये उभा राहिला तो या घरगुती तालमीवरच. लाटांवर स्वार होण्याचा नाद मात्र पाच जणांत एकट्या डेनिसला होता.

१९६२ मध्ये कॅपिटॉल या तबकड्या काढणाऱ्या कंपनीशी करार झाला. त्या काळी कंपनीचा पगारी निर्माता स्टुडिओ ठरवी, वादक बोलावी आणि कोणता टेक (गाण्याचे एका दमात केलेले मुद्रण) ठेवायचा हेही तोच सांगे. गाणाऱ्यांनी येऊन गावे आणि निघून जावे. विल्सन यांना हे मान्य नव्हते. कॅपिटॉलचा स्वतःचा स्टुडिओ सोडून त्यांनी हॉलिवुडमधल्या वेस्टर्न रेकॉर्डर्सची तिसऱ्या क्रमांकाची खोली धरली, तिथले ध्वनिमुद्रक चक ब्रिट्झ यांच्याशी त्यांचे जुळले, आणि सप्टेंबर १९६३ च्या 'सर्फर गर्ल' या अल्बमवर निर्माता म्हणून प्रथमच त्यांचे नाव छापले गेले. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. चाल बांधणे, वाद्यमेळ ठरवणे, आवाज बसवणे आणि शेवटचे मिश्रण करणे ही सगळी कामे एकाच माणसाकडे असणे, आणि तो माणूस गटातला मुख्य गायकही असणे, हे तेव्हाच्या अमेरिकी व्यवसायात फारसे कोणी पाहिले नव्हते.

त्यांच्यापुढे आदर्श होता निर्माते फिल स्पेक्टर यांचा. १९६३ मध्ये स्पेक्टर यांचे 'बी माय बेबी' हे गाणे रेडिओवर लागले तेव्हा विल्सन यांनी गाडी रस्त्याकडेला थांबवली आणि ते ऐकत राहिले, ही आठवण त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितली. स्पेक्टर गोल्ड स्टार स्टुडिओच्या लहानशा खोलीत तीन-तीन पियानो आणि गिटारींची रांग एकदम वाजवून घेत आणि प्रतिध्वनीच्या खोलीतून काढून त्याचा एकसंध लोंढा तयार करत. विल्सन यांनी तेच वादक घेतले. हॅल ब्लेन ड्रम्सवर, कॅरल के बास गिटारवर, लॅरी नेख्टेल आणि डॉन रँडी कळफलकांवर. पण त्यांना लोंढा नको होता. दोन वाद्ये एकाच ओळीवर वाजवून तिसऱ्याच वाद्याचा भास निर्माण करायचा, आणि तरीही प्रत्येक ओळ कानाला स्वतंत्रपणे पकडता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते ते इथे स्पेक्टर यांच्या पुढे गेले.

२३ डिसेंबर १९६४ रोजी ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात त्यांचा मानसिक तोल ढळला आणि थोड्याच दिवसांत त्यांनी दौरे बंद केले. त्यांच्या जागी काही महिने ग्लेन कॅम्बेल आणि १९६५ पासून ब्रूस जॉन्स्टन उभे राहिले. या आजारपणातून एक नवी कार्यपद्धती निघाली: गट गावोगावी कार्यक्रम करणार, ब्रायन घरी राहून वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित करणार आणि गट परतला की आवाज चढवणार. जानेवारी १९६६ मध्ये बाकीचे जपानच्या दौऱ्यावर असताना 'पेट साउंड्स'ची वाद्ये अशीच ध्वनिमुद्रित होत होती.

त्या अल्बममधल्या 'गॉड ओन्ली नोज'च्या सत्राची फीत प्रत्येक संगीतप्रेमीने एकदा ऐकावी. १० मार्च १९६६, वेस्टर्न रेकॉर्डर्स, खोलीत सुमारे वीस वादक: फ्रेंच हॉर्न, अकॉर्डियन, बासऱ्या, घुंगरांसारख्या घंटा. मधला टप्पा जमत नाही. सूर बरोबर आहेत, पण गाणे तिथे जड होते. विल्सन काचेपलीकडून पुन्हा पुन्हा थांबवतात, वाद्याचे नाव घेऊन दुरुस्ती सांगतात, कोणावरही आवाज चढवत नाहीत. मग एक वादक सुचवतो की तो भाग तोडून तोडून, आखूड स्वरांत वाजवून पाहू या. विल्सन ते लगेच स्वीकारतात, पुढच्या टेकमध्ये गाणे जिवंत होते आणि तीच आज आपण ऐकतो ती रचना. त्या खोलीतला हा सर्वांत तरुण माणसांपैकी एक. वादकांपैकी बहुतेक त्याच्याहून कितीतरी अनुभवी जाझ आणि चित्रपटसंगीतातले. तरी निर्णय कोणाचा, याबद्दल फितीवर क्षणभरही संदेह वाटत नाही.

प्रतिसाद: एक कान आणि मोनो

लेख आवडला. एक शंका आहे. 'पेट साउंड्स' मोनोमध्ये (सगळा आवाज एकाच वाहिनीतून; स्टिरिओत तो डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत विभागतो) आहे तो विल्सन यांना एकाच कानाने ऐकू येत असे म्हणून, असे नेहमी सांगितले जाते. हे कारण पुरेसे आहे का? १९६६ मध्ये स्टिरिओ तंत्र चांगले रुळलेले होते आणि कॅपिटॉलसारख्या कंपनीला स्टिरिओ आवृत्ती हवीच असणार.

धागालेखकाचे उत्तर

कान हे एक कारण आहेच. स्टिरिओची रुंदी त्यांना अनुभवताच येत नव्हती. पण तेवढेच नाही. तेव्हा तरुण मुले गाणी ऐकत ती मोटारीतल्या किंवा खिशातल्या रेडिओच्या एका लहान भोंग्यावर, आणि एकेरी तबकड्या मोनोच निघत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोनोत कोणते वाद्य किती पुढे आणि किती मागे हे निर्माताच कायमचे ठरवून टाकतो, ऐकणाऱ्याने स्पीकर कुठे ठेवले यावर काही अवलंबून राहत नाही. विल्सन यांना हाच ताबा हवा होता.

कामाची रीतही तशीच होती. सगळे वादक एकत्र वाजवत आणि ते तीन-चार ट्रॅकच्या (शेजारी शेजारी स्वतंत्र पट्ट्या असलेल्या) फितीवर उतरवले जाई. मग ती सगळी वाद्ये एका ट्रॅकवर दाबून दुसऱ्या फितीवर घेत. कोलंबिया स्टुडिओत तेव्हा आठ ट्रॅकचे यंत्र होते, तिथे एका ट्रॅकवर वाद्यमेळ आणि उरलेल्यांवर आवाज. म्हणजे वाद्यांचे आपसातले प्रमाण पहिल्याच दिवशी पक्के करावे लागे, नंतर बदलायची सोय नव्हती. पुढे मार्क लिनेट यांनी वाद्यांच्या मूळ फिती आणि आवाजांच्या फिती एकमेकींशी जुळवून पहिली खरी स्टिरिओ आवृत्ती तयार केली, ती १९९७ च्या संचात आली. ती अभ्यासाला उत्तम आहे, पण गाणे म्हणून मी मोनोच ऐकतो.

प्रतिसाद: श्रेय एकट्याचे नाही

लेखातले कौतुक रास्त आहे, पण 'सगळी कामे एकाच माणसाकडे' या वाक्याला माझा आक्षेप आहे. 'पेट साउंड्स'चे बहुतेक शब्द टोनी ॲशर यांचे आहेत, आणि ते जाहिरातींचा मजकूर लिहिणारे गृहस्थ होते. 'गॉड ओन्ली नोज' कार्ल यांनी गायले आहे. त्या वेळी ते अवघे १९ वर्षांचे होते आणि तो आवाज काढून घेतला तर गाण्याचे काय उरेल? माइक लव्ह यांना तर आपल्या शब्दांचे श्रेय मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि १९९४ मध्ये ३५ गाण्यांवर त्यांचा हक्क मान्य झाला. 'सर्फिन यू.एस.ए.'ची चाल चक बेरी यांच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची, त्यांचे नाव गाण्यावर नंतर चढले. ज्या वादकांचा आपण उल्लेख केलात त्यांची नावे त्या काळच्या वेष्टनांवर छापलीच जात नसत. कॅरल के यांची बासची ओळ वर्षानुवर्षे लोकांनी ऐकली, पण ती एका स्त्रीने वाजवली आहे हे किती जणांना ठाऊक होते?

धागालेखकाचे उत्तर

आपले मुद्दे मला मान्य आहेत, विशेषतः वादकांच्या नावांबद्दलचा आणि लव्ह यांच्याबद्दलचा. लव्ह यांच्यावर पुष्कळ चाहते राग धरतात, पण 'कॅलिफोर्निया गर्ल्स'चे शब्द त्यांचे होते आणि श्रेय नाकारले गेले ते कागदपत्रांचा कारभार मरी विल्सन यांच्या हाती असल्यामुळे. याच मरी यांनी १९६९ मध्ये ब्रायन यांच्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क सुमारे सात लाख डॉलरला विकून टाकले. मुलाला तो घाव शेवटपर्यंत विसरता आला नाही.

बासबद्दल मात्र थोडे अधिक सांगायला हवे. विल्सन स्वतः गटात बास वाजवत, आणि त्यांच्या रचनेचे मर्म तिथेच आहे. सामान्य गाण्यात बास कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाच्या) मूळ स्वरावर पाय रोवून उभा असतो. विल्सन तो मुद्दाम दुसऱ्या स्वरावर ठेवतात. त्यामुळे कॉर्ड ओळखीची असूनही ती तरंगते, गाणे नक्की कोणत्या पट्टीत आहे हे कानाला ठरवता येत नाही आणि ओळ संपली तरी पूर्ण विसावा मिळत नाही. 'गॉड ओन्ली नोज'मध्ये हे सतत होत राहते. ही ओळ ते वादकांना लिहून देत किंवा पियानोवर वाजवून दाखवत. कॅरल के यांची गिटार-बास आणि लाइल रिट्झ यांचा उभा बास एकत्र वाजवून ते तिला धार आणि गोलाई दोन्ही देत. वाजवणारे हात के आणि रिट्झ यांचे. त्या दोघांना एकाच ओळीवर आणण्याची कल्पना विल्सन यांची.

गायनाबद्दल ब्रूस जॉन्स्टन यांची एक आठवण आहे. 'गॉड ओन्ली नोज'च्या शेवटी आवाज एकमेकांच्या मागून येत फिरत राहतात, तो भाग घेताना कार्ल थकले होते, म्हणून ब्रायन यांनी त्यांना घरी पाठवले आणि वरचा व खालचा आवाज स्वतः गाऊन मधला जॉन्स्टन यांच्याकडून गाऊन घेतला.

प्रतिसाद: 'गुड व्हायब्रेशन्स' राहून गेले

धाग्यात 'गुड व्हायब्रेशन्स'वर काहीच नाही याचे आश्चर्य वाटले. विल्सन यांच्या निर्मितीकौशल्याचा कळस तोच. फेब्रुवारी ते सप्टेंबर १९६६, चार निरनिराळे स्टुडिओ, नव्वद तासांहून अधिक फीत, आणि हाती काय तर साडेतीन मिनिटांच्या आसपासचे एक गाणे. प्रत्येक स्टुडिओच्या खोलीचा नाद वेगळा, म्हणून गाण्याचा प्रत्येक तुकडा त्याला शोभणाऱ्या खोलीत ध्वनिमुद्रित करायचा आणि मग फिती ब्लेडने कापून जोडायच्या. आज संगणकावर हे काम कोणीही करतो. तेव्हा चुकीचा काप म्हणजे मूळ फितीचीच हानी. चेलोवर घासून वाजवलेले ते भरभर त्रिक आणि वरून पॉल टॅनर यांच्या इलेक्ट्रो-थेरेमिन या इलेक्ट्रॉनिक वाद्याची हेलकावणारी रेघ, हा मेळ लोकप्रिय गाण्यात कोणी कल्पिलाही नव्हता. १० ऑक्टोबर १९६६ ला ते बाजारात आले आणि अमेरिका व ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या 'पेट साउंड्स'ला अमेरिकेत दहाव्या क्रमांकापलीकडे जाता आले नव्हते आणि कॅपिटॉलने दोन महिनेही न थांबता जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढून त्याची विक्री झाकोळली होती. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि 'द बीटल्स'चे पॉल मॅकार्टनी यांनी त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. मायदेशी अशी उपेक्षा झाल्यावर दुसरा कोणी सोप्या वाटेकडे वळला असता. विल्सन यांनी त्याहून अवघड गाणे केले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले.

प्रतिसाद: 'स्माइल' आणि आजार

याच पद्धतीने पूर्ण अल्बम करायला गेले आणि 'स्माइल' मोडून पडला, हेही सांगायला हवे. गीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांच्याबरोबर अमेरिकेच्या इतिहासावर रचलेली ती मालिका होती. एका गाण्यात साठ सेकंदांचे तुकडे जोडणे शक्य होते, पण डझनभर गाण्यांचे शेकडो तुकडे कोणत्या क्रमाने लावायचे हे ठरेना. त्यात पार्क्स यांच्या दुर्बोध शब्दांना माइक लव्ह यांचा विरोध, कॅपिटॉलशी मानधनावरून कज्जा आणि अमली पदार्थ. २८ नोव्हेंबर १९६६ रोजी आगीवरचे संगीत ध्वनिमुद्रित करताना त्यांनी वादकांना अग्निशामकांची खेळण्यातली शिरस्त्राणे घालायला लावली, आणि नंतर जवळपासच्या एका इमारतीला आग लागल्याचे कळताच आपल्या संगीतानेच ती लागली या भीतीने ते संगीत बाजूला ठेवले. मे १९६७ मध्ये अल्बम रद्द झाला.

हा प्रसंग लोक गमतीने सांगतात, तेव्हा मला त्रास होतो. माझ्या जवळच्या नात्यातल्या माणसाला असेच आवाज ऐकू येत. विल्सन यांना साधारण बाविसाव्या वर्षापासून धमकावणारे आवाज ऐकू येत होते. पुढे त्यांच्या आजाराचे निदान स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर (भास आणि मनःस्थितीतले तीव्र चढउतार एकत्र असणारा आजार) असे झाले. ज्याला हे होते त्याला आग आणि संगीत यांचा संबंध कल्पनेतला वाटत नाही. म्हणून 'वेडातून प्रतिभा आली' हे म्हणणे उलटे आहे. डोक्यात असा गोंगाट चालू असताना हा माणूस खोलीतल्या वीस वाद्यांतला एक चुकलेला स्वर ओळखत होता, यातली मेहनत लक्षात घ्या.

आणि उपचाराच्या नावाखाली जे झाले ते तर भयंकर आहे. मानसशास्त्रज्ञ यूजीन लँडी यांना प्रथम १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये आणले गेले. दुसऱ्या खेपेस त्यांनी चोवीस तास पहारा ठेवला, भेटीगाठी तोडल्या, औषधांचा मारा केला, आणि १९८८ च्या विल्सन यांच्या पहिल्या एकल अल्बमच्या निर्मितीत आणि गीतांत स्वतःचेही नाव लावले. सुरुवातीला लठ्ठपणा आणि व्यसने आटोक्यात आली हे खरे, पण त्याची किंमत म्हणजे सबंध माणूसच ताब्यात गेला. लँडी यांनी १९८९ मध्ये व्यवसायाचा परवाना परत केला आणि १९९२ मध्ये न्यायालयाने त्यांना विल्सन यांच्यापासून दूर राहण्याचा आदेश दिला. पुढे विल्सन यांच्या पत्नी झालेल्या मेलिंडा लेडबेटर यांनी यासाठी जो पाठपुरावा केला, तो नसता तर पुढची तीस वर्षे त्यांना मिळाली नसती असे मला वाटते.

प्रतिसाद: हॉथॉर्नमधून

मी लॉस एंजेलिस परिसरात राहतो. ज्या घरात हा गट जन्मला ते घर १९८० च्या दशकात महामार्गासाठी पाडले गेले. आता तिथे २००५ मध्ये उभारलेले स्मारक आहे आणि मागे महामार्गाची उंच भिंत. समुद्र तिथून काही मैल दूर आहे. गाणी ऐकून घर किनाऱ्यालाच असेल असे वाटते, प्रत्यक्षात ती विमानकारखान्यांच्या आसपास वाढलेली साधी कामकऱ्यांची वस्ती होती. किनारा या मुलांनी मुख्यतः गाण्यातच उभा केला, हे तिथे गेल्यावर पटते.

धागालेखकाचे उत्तर

आजाराबद्दलच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. मूळ लेखात जे मला नीट मांडता आले नाही ते आपण मांडले आहे. 'स्माइल'च्या गोष्टीला मात्र उत्तरार्ध आहे. २००३ मध्ये त्यांच्या गटातले वादक डेरियन सहानजा यांनी जुने तुकडे संगणकावर भरून विल्सन यांच्यासमोर बसून क्रम लावायला घेतला. एके ठिकाणी जुन्या हस्तलिखितातला शब्द लागेना, तेव्हा विल्सन यांनी थेट पार्क्स यांना फोन लावला, आणि पार्क्स येऊन कामात सामील झाले. २० फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ती रचना अथपासून इतिपर्यंत सादर झाली. सप्टेंबरमध्ये अल्बम आला, आणि विल्सन यांना कारकिर्दीतले पहिले ग्रॅमी मिळाले ते ज्या आगीच्या संगीताला घाबरून त्यांनी ते बाजूला ठेवले होते, त्याच संगीतासाठी. तोवर डेनिस आणि कार्ल दोघेही हयात नव्हते. १९६६-६७ च्या मूळ फितींचा संच २०११ मध्ये निघाला. आवाजांचा कोवळेपणा त्यातच आहे, पण पूर्ण झालेली रचना म्हणून २००४ चा अल्बमच प्रमाण मानावा असे माझे मत आहे.

प्रतिसाद: सुरुवात कुठून करावी?

मला यांची दोन-तीन प्रसिद्ध गाणीच माहीत आहेत. हा धागा वाचून ऐकायची इच्छा झाली आहे. कोणत्या क्रमाने ऐकावे?

धागालेखकाचे उत्तर

१९६४ च्या 'डोन्ट वरी बेबी'पासून सुरुवात करा; मुख्य आवाज ब्रायन यांचाच आहे आणि त्या वरच्या पट्टीत तो किती सहज फिरतो हे कळेल. मग 'कॅलिफोर्निया गर्ल्स'चे गायन सुरू होण्याआधीचे काही सेकंद तेवढे तीन-चार वेळा ऐका. स्वतःच्या सगळ्या कामात तो तुकडा विल्सन यांना विशेष प्रिय होता. त्यानंतर 'पेट साउंड्स' सलग आणि मोनोमध्ये. 'गॉड ओन्ली नोज'ची केवळ आवाजांची आवृत्तीही मिळते, ती शेवटी. उत्तरकाळातले एकच सांगायचे तर १९७१ च्या 'सर्फ्स अप' अल्बममधले 'टिल आय डाय', ज्याचे शब्दही ब्रायन यांचेच आहेत.

'पेट साउंड्स' ऐकताना 'हिअर टुडे'च्या मधल्या वाद्यभागाकडे लक्ष द्या. आवाज घेताना मागे चाललेले बोलणे फितीवर राहून गेले आहे, आणि त्यात विल्सन 'टॉप, प्लीज' म्हणजे पुन्हा पहिल्यापासून घ्या असे सांगताना स्पष्ट ऐकू येतात. हेडफोनवर लगेच सापडेल.